रेबीज : चावा, मेंदू आणि मधला वेळ



रेबीज या रोगाबद्दल दोन विधाने केली जातात आणि दोन्ही खरी आहेत. पहिले, एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. दुसरे, चावा झाल्यावर वेळेत आणि पूर्ण उपचार घेतले तर तो जवळजवळ नेहमीच टळतो. एकाच रोगाबद्दल इतकी टोकाची विधाने कशी खरी असतील? याचे उत्तर रेबीजचा विषाणू शरीरात ज्या वाटेने जातो त्या वाटेत आहे. ती वाट समजली की उपचारातील प्रत्येक पायरी कशासाठी आहे तेही समजते.

हा विषय आपल्या वयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात. त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. माणसाला होणारा रेबीज १०० पैकी ९९ वेळा कुत्र्याकडून येतो. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, वटवाघूळ अशा इतर सस्तन प्राण्यांकडूनही तो येऊ शकतो. हिमाचलच्या ज्या डोंगरात आपण शिकतो तिथे कुत्र्यांइतकीच माकडेही आहेत, हे वेगळे सांगायला नको.

शत्रूची ओळख

पिसाळलेल्या कुत्र्याची भीती आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्यांच्या चाव्याचे आणि ‘जलत्रास’ या लक्षणाचे वर्णन आहे. म्हणजे रोग्याला पाण्याचे भय वाटते, हे आपल्या वैद्यांनी फार पूर्वीच पाहिले होते. कारण मात्र विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर डोळ्यांना दिसले.

हा विषाणू चक्क बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा आहे. एक टोक गोल, दुसरे सपाट. लांबी साधारण १८० नॅनोमीटर. म्हणजे असे साडेपाच हजार विषाणू एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर लांबीची रांग होईल. आत आरएनए आहे आणि सगळा विषाणू मिळून फक्त पाच प्रकारची प्रथिने बनवतो. त्याच्या बाहेर मेदाचे पातळ आवरण असते आणि त्या आवरणावर काट्यांसारखी ग्लायकोप्रोटीनची टोके असतात. हे मेदाचे आवरण लक्षात ठेवा, पुढे साबणाचा विषय येणार आहे.

चाव्यापासून मेंदूपर्यंत

रेबीज झालेल्या प्राण्याच्या लाळेत विषाणू असतो. चाव्यातून किंवा ओरखड्यातून लाळ आपल्या स्नायूंत जाते. धड असलेल्या कातडीतून विषाणू आत शिरू शकत नाही. पण उघड्या जखमेवर, डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली तर त्याला वाट मिळते.

आत गेल्यावर तो लगेच रक्तात उतरत नाही. काही दिवस किंवा काही आठवडे तो जखमेजवळच्या स्नायूंतच राहू शकतो. स्नायूला हालचालीचा हुकूम देणारा चेतातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे ॲसिटिलकोलीन या रसायनाचे ग्राहक असतात. विषाणू आपली ग्लायकोप्रोटीनची टोके या ग्राहकांना चिकटवतो आणि चेतातंतूत शिरतो.

इथून पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. चेतापेशीचा मुख्य भाग मेरुरज्जूजवळ असतो आणि तिचा तंतू पायाच्या बोटापर्यंत गेलेला असतो. इतक्या लांबून माल आणण्यासाठी पेशीची स्वतःची वाहतूक असते. टोकाकडून मुख्य पेशीकडे माल वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे नाव आहे डायनीन. रेबीजचा विषाणू याच वाहतुकीतून वर जातो. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार त्याचा वेग दिवसाला काही मिलिमीटरपासून सुमारे १०० मिलिमीटरपर्यंत असतो. म्हणजे तो मेंदूकडे जातो खरा, पण सावकाश जातो.

या काळात रोग्याला काहीच होत नाही. ताप नाही, दुखणे नाही, जखमही भरून आलेली असते. विषाणू चेतातंतूंच्या आत दडलेला असल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींनाही त्याचा पत्ता लागत नाही. चाव्यापासून लक्षणांपर्यंतचा हा काळ बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो. तो आठवडाभराचाही असू शकतो किंवा वर्षाहून मोठाही. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर वेळ कमी मिळतो, कारण मेंदू जवळ असतो किंवा त्या जागी चेतातंतूंची दाटी असते. लहान मुलांची उंची कमी असते, म्हणून त्यांना डोक्यावर आणि चेहऱ्यावर चावे जास्त होतात. सहावीतल्या मुलाला झालेला चावा जास्त गंभीरपणे घ्यायचा तो यासाठी.

रेबीजच्या सगळ्या उपचाराचा आधार हा मधला शांत काळ आहे.

मेंदूत पोहोचल्यावर

मेंदूत पोहोचल्यावर विषाणू झपाट्याने वाढतो. १९०३ मध्ये इटलीचे शास्त्रज्ञ अडेल्की नेग्री यांना रोगी प्राण्यांच्या मेंदूतील पेशींत गोल ठिपके दिसले. त्यांना आजही ‘नेग्री बॉडी’ म्हणतात. आश्चर्य असे की रेबीजने मेलेल्या माणसाचा मेंदू वरवर पाहता फारसा बिघडलेला दिसत नाही. पेशी उभ्या असतात, पण त्यांचे काम विस्कटलेले असते.

मेंदूतून विषाणू पुन्हा चेतातंतूंवाटे बाहेर पडतो आणि लाळग्रंथींत जाऊन बसतो. याच सुमारास प्राणी चवताळून चावू लागतो. लाळेत विषाणू आणि स्वभावात चावण्याची खुमखुमी, असा त्याने आपला पुढचा मार्ग तयार केलेला असतो.

माणसात पहिली लक्षणे साधी असतात : ताप, डोकेदुखी, थकवा. बऱ्याचदा जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते किंवा आग होते. त्यानंतर रोग दोनपैकी एका रूपात दिसतो.

पहिले रूप उग्र. यात रोगी अस्वस्थ होतो, घाबरतो, त्याला भास होतात. पाणी गिळायला गेले की घशाचे आणि श्वासाचे स्नायू जोरात आकडतात. हा त्रास इतका भयंकर असतो की नंतर पाणी नुसते समोर दिसले तरी आकडी येते. काहींना अंगावर वारा आला तरी तसेच होते. लाळ गिळता येत नाही म्हणून ती तोंडातून गळते. मधल्या वेळात रोगी शुद्धीवर असतो, बोलतो, माणसे ओळखतो. या रोगातील सर्वांत दुःखद गोष्ट हीच असावी.

दुसरे रूप लुळेपणाचे. सुमारे २० टक्के रोग्यांत हे दिसते. चाव्याच्या जागेपासून हळूहळू अंग लुळे पडत जाते. पाण्याची भीती दिसत नाही, म्हणून कधी कधी रोग ओळखूही येत नाही. दोन्ही रूपांचा शेवट एकच : बेशुद्धी, आणि श्वास व हृदय बंद पडणे.

मग या अवस्थेत औषध का देत नाहीत? कारण रक्तातील बरेचसे पदार्थ मेंदूत सहज जाऊ शकत नाहीत. मेंदूच्या संरक्षणासाठी निसर्गाने रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जणू भिंत घातली आहे. विषाणू मात्र चेतातंतूंच्या वाटेने आधीच भिंतीच्या आत पोहोचलेला असतो. २००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जीना गीस ही १५ वर्षांची मुलगी वटवाघूळ चावल्याने आजारी पडली. डॉक्टरांनी तिला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवून विषाणूविरोधी औषधे दिली आणि लस न घेताही ती वाचली. जगभर मोठी बातमी झाली. पुढे हाच उपचार इतर रोग्यांवर करून पाहिला, पण बहुतेक वेळा तो अपयशी ठरला. म्हणून लक्षणे दिसल्यावरच्या उपचारावर कोणीही भरवसा ठेवू नये.

उपचाराच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी, साबण आणि पाणी. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटे वाटतात त्याहून मोठी असतात. विषाणूचे बाहेरचे आवरण मेदाचे असते आणि साबण मेद विरघळवतो. आवरण गेले की विषाणू निकामी होतो. पाण्याने उरलेली लाळ वाहून जाते. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन किंवा अल्कोहोलसारखे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्याने विषाणू मरत नाही, उलट जखम चिडते. जखम घट्ट बांधू नये आणि लगेच टाके घालून घेऊ नयेत.

दुसरी पायरी, लस. लसीत मारलेला विषाणू असतो. तो पाहून शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करते. सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीत लस देतात : ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिलिलिटर. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, दंडात. लहान बाळांना मांडीत देतात. शून्य दिवस म्हणजे पहिली सुई घेतली तो दिवस, चावा झाला तो नव्हे.

तिसरी पायरी, तयार प्रतिपिंडे. लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत पहारा कोणी द्यायचा? त्यासाठी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडे, थेट जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीही आता मिळतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यांपैकी एक तयार केली आहे. ही पायरी पहिल्या लसीबरोबरच घ्यावी. राहून गेली तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत घेता येते.

प्रत्येकाला तिन्ही पायऱ्या लागतात का? डॉक्टर तीन वर्ग करतात. प्राण्याला हात लावला, खाऊ घातले किंवा त्याने धड कातडी चाटली, तर पहिला वर्ग. यात फक्त हात धुवायचे. रक्त न येता साधे खरचटले किंवा उघड्या कातडीला दात लागला, तर दुसरा वर्ग. यात धुणे आणि लस. रक्त आले, कातडी भेदली गेली, फुटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली, तर तिसरा वर्ग. यात तिन्ही पायऱ्या. वर्ग आपण ठरवायचा नाही. आपण धुवायचे आणि डॉक्टरकडे जायचे.

कुत्रा किंवा मांजर १० दिवस नजरेखाली ठेवतात, कारण ज्याच्या लाळेत विषाणू आला आहे असा कुत्रा सहसा १० दिवसांत आजारी पडून मरतो. तो १० दिवस ठणठणीत राहिला तर डॉक्टर पुढचे डोस थांबवू शकतात. पण हे १० दिवस लस न घेता वाट पाहण्यासाठी नाहीत. लस पहिल्याच दिवशी सुरू होते.

कसौली आणि शिमला

या लढाईचा काही इतिहास आपल्या शेजारी घडला आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली. त्याला दोन दिवसांपूर्वी कुत्र्याने जागोजागी चावले होते. पाश्चर यांची लस सशाच्या वाळवलेल्या मेरुरज्जूची होती. सर्वांत जास्त वाळलेली, म्हणजे सर्वांत दुबळी लस आधी, मग क्रमाने जोरकस. मुलगा वाचला. विषाणू पाहिलेला नसताना त्याच्यावरची लस तयार झाली होती!

१९०० मध्ये भारतातील पहिली पाश्चर इन्स्टिट्यूट कसौलीला सुरू झाली. तिचे प्रमुख डेव्हिड सेंपल हे लष्करातील डॉक्टर होते. त्यांनी कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून नवी लस तयार केली. आजी-आजोबा पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट सांगतात ना, ती हीच लस. तिने असंख्य प्राण वाचवले. पण ती मेंदूच्या ऊतीपासून केलेली असल्यामुळे काही जणांना तिच्यामुळेच चेतासंस्थेचे गंभीर आजार होत. २००५ पर्यंत भारताने ती पूर्णपणे बंद केली. आता पेशीसंवर्धनातून केलेली लस मिळते. ती पोटात देत नाहीत आणि तिला फारसे दुखतही नाही. जुन्या इंजेक्शनांच्या धाकाने आजही कोणी दवाखाना टाळत असेल तर त्याला हे जरूर सांगावे.

दुसरी गोष्ट शिमल्याची. इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि बऱ्याचदा तुटवडा असतो. पूर्वी वजनाप्रमाणे मात्रा काढून जखमेत मावेल तेवढी तिथे देत आणि उरलेली दुसरीकडे स्नायूत टोचत. शिमल्याचे डॉ. ओमेश भारती यांनी ती फक्त जखमेतच देऊन पाहिली. विषाणू जखमेत असतो, तर औषधही तिथेच हवे. त्यामुळे औषध खूपच कमी लागले आणि तेवढ्याच साठ्यात जास्त रोगी वाचू लागले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही औषध जखमेतच देण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये डॉ. भारती यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या वसतिगृहात

आता मुद्द्याचे. आपल्यासारख्या शाळेत दुखणे अंगावर काढण्याची सवय लागते. गुडघा फुटला तरी परेडला उभे राहणे, हे आपल्याला आवडते. बऱ्याच बाबतींत ते चांगलेही आहे. रेबीजच्या बाबतीत मात्र हीच सवय घात करू शकते. दुखण्यावरून या रोगाचा धोका मोजता येत नाही. माकडाचा बारीक ओरखडा परेडला आड येत नाही, पण विषाणूला आत यायला तेवढी जागा पुरते.

ज्युनिअर कॅडेट चावा लपवतात त्याची कारणे आपण सगळे जाणतो. हाऊस मास्टर रागावतील, क्रॉस कंट्रीच्या संघातून नाव जाईल, मेसमागच्या पिल्लाला कोणी तरी पकडून नेईल. म्हणून सीनिअर कॅडेट्सनी आपल्या हाऊसमध्ये एक गोष्ट पक्की करावी : चावा सांगणाऱ्याला कोणीही हसणार नाही आणि कोणीही रागावणार नाही. आधी नळ, मग एमआय रूम, मग बाकीचे प्रश्न. रात्र असो, रविवार असो, क्रम हाच.

कोणाला आठ-पंधरा दिवसांपूर्वी चावा झाला असेल आणि त्याने सांगितले नसेल, तर त्यानेही आजच जावे. लक्षणे नाहीत तोवर वेळ आहे.

पालकांनाही एक विनंती. आपली मुले सुट्टीत हजार-दोन हजार किलोमीटर प्रवास करतात. चावा गावी होतो आणि २८व्या दिवसाची लस शाळेत असताना येते, किंवा उलट. म्हणून लसीचे कार्ड मुलाच्या ट्रंकेत न ठेवता हातात द्या, त्याचा फोटो हाऊस मास्टरांना पाठवा आणि राहिलेल्या तारखा फोनवर सांगा. उरलेले डोस दुसऱ्या गावच्या सरकारी रुग्णालयातही मिळतात. पूर्वी सगळे डोस घेतलेल्या मुलाला पुन्हा चावा झाला तर सहसा ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण हे सिद्ध करायला ते जुने कार्डच हवे.

कुत्रा शत्रू नाही

हे सगळे वाचून कोणी कुत्र्यांना दगड मारायला लागला तर लेख वाया गेला. शत्रू विषाणू आहे. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस दिली तर कुत्र्यांमधला रेबीज थांबू शकतो. गोव्यात सरकार आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून घरोघरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस दिली, शाळांतून मुलांना शिकवले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. २०३० पर्यंत कुत्र्यांकडून होणारा रेबीज देशातून संपवायचा, असा भारताचा राष्ट्रीय आराखडा आहे. मेसच्या उष्ट्यावर जगणाऱ्या आपल्या आवारातील कुत्र्यांना वर्षातून एकदा लस टोचून घेणे, हा त्यातला आपला वाटा होऊ शकतो. त्यासाठी २८ सप्टेंबर हा दिवस योग्य आहे. तो पाश्चर यांचा स्मृतिदिन आणि जागतिक रेबीज दिन आहे.

तोपर्यंत एवढे करू. प्रत्येक हाऊसच्या नळाजवळ साबणाची वडी कायम ठेवू आणि नव्याने आलेल्या सहावीच्या मुलांना ती कशासाठी आहे ते पहिल्याच आठवड्यात सांगू.